इचलकरंजी : धाग्यावर उभे राहिलेले शहर



आपली मुले भूगोलाच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या मँचेस्टरची माहिती पाठ करतात. तिथली दमट हवा, कोळसा, जवळचे लिव्हरपूल बंदर हे सारे परीक्षेत लिहून गुण मिळवतात. मात्र ज्या इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात, ज्या गावात आईबाप रात्रपाळी करून त्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवतात, त्या गावाबद्दल विचारले तर मुले गप्प होतात. मुलांचा यात दोष नाही. आपणच त्यांना कधी सांगितलेले नसते. म्हणून या वेळी आम्ही आपल्याच शहराची ओळख करून देत आहोत. घरातल्या मोठ्या मुलाने किंवा मुलीने हा लेख मोठ्याने वाचावा आणि इतरांनी ऐकावा, अशी आमची विनंती आहे.

नदीकाठचे गाव

इचलकरंजी कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूरच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. कर्नाटकची हद्द जवळच. त्यामुळे बाजारात मराठीबरोबर कानडी सहज कानावर पडते. गावाच्या दक्षिणेकडून पंचगंगा वाहते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन ती बनते. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे लोक मानतात. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे संगम होतो, पुढे नदी इचलकरंजीवरून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

पश्चिमेला सह्याद्रीवर, गगनबावड्याकडे, धो धो पाऊस पडतो. पूर्वेकडे येता येता तो झपाट्याने कमी होतो. तरी वरच्या पावसाचे पाणी नदीने खाली येते. या पाण्यावर काळ्या रानात ऊस उभा राहतो, आणि हेच पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर होऊन नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. पूर येतो तेव्हा पहिल्यांदा कोणाची घरे रिकामी करावी लागतात, हे आपणास सांगायला नको.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या परिसरात कापडाच्या धंद्याला पुरेल एवढा कापूस पिकत नाही. येथे कोळशाची खाण नाही, समुद्र नाही, बंदर नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली, पण तिचे जवळचे स्टेशन हातकणंगले, म्हणजे गावाबाहेर काही किलोमीटरवर. मँचेस्टरजवळ जे जे होते, त्यातले जवळजवळ काहीच आपल्याकडे नव्हते. मग येथे कापडाचे शहर उभे राहिले कसे?

जहागिरीचा काळ

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. नारो महादेव जोशी नावाचा कोकणातला मुलगा सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी वाढला. धन्याच्या उपकाराची आठवण म्हणून त्याने घोरपडे हे आडनाव घेतले. इचलकरंजीचे जहागीरदार घराणे ते हेच. नारो महादेवांचे पुत्र व्यंकटराव यांचे लग्न बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई हिच्याशी झाले. पुढे अनुबाईंनी जहागिरीच्या कारभारात स्वतः लक्ष घातले. इंग्रजी अमदानीत ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अंकित होती. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

जहागिरीचा इतिहास सांगणारी पुस्तके राजवाडा आणि दरबार यांवर थांबतात. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनी कोणती कामे केली, कोणत्या पाणवठ्यावर त्यांना बंदी होती, याच्या नोंदी फारशा सापडत नाहीत. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी स्वतःचे लिहून ठेवले. आपल्या आज्या-पणज्यांकडे लेखणी नव्हती, एवढाच याचा अर्थ.

तीन सालांची गोष्ट

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली तीन साले मुलांनी वहीत लिहून ठेवावीत : १९०२, १९०४ आणि १९२०.

२६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्यापूर्वी कोष्टी, साळी वगैरे विणकर हातमागावर कापड विणत होते. त्या वेळचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी गावात उद्योग यावेत म्हणून उत्तेजन दिले. एका मागाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले. ज्यांच्या हाताला आधीच विणकामाची सवय होती, त्यांनी ही नवी विद्या लवकर उचलली.

तिसरे साल १९२०. त्या वर्षी मार्च महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे महाराजांनी त्या परिषदेत जाहीरपणे सांगितले. माणगाव त्या वेळी कागल जहागिरीत होते. आज ते आपल्याच हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

या तिन्ही गोष्टी अठरा वर्षांत आणि एकाच मुलखात घडल्या. एका गोष्टीने नोकरीचे दार किलकिले केले, दुसरीने कारखान्याची चाके फिरवली, तिसरीने आपल्याला आवाज दिला. आज आपण जी भाकरी खातो तिच्यात या तिन्हींचा वाटा आहे.

माग वाढले कसे?

स्वातंत्र्यानंतर येथे सहकाराचे वारे आले. स्वातंत्र्यसैनिक आणि घटना समितीचे सदस्य रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने गंगानगरला पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विणकरांनी एकत्र येऊन डेक्कन सहकारी सूतगिरणी काढली. सूत बाहेरून चढ्या भावाने आणण्यापेक्षा आपलीच गिरणी असावी, हा विचार त्यामागे होता. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली आणि राज्यात विजेवर चालणाऱ्या धंद्यांना बळ आले. इचलकरंजीची पांढरी धोतरे आणि पॉपलीन देशभर जाऊ लागले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांकडे वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग अशा गावांत येऊन पुन्हा चालू झाले. लालबाग-परळला ज्या मागाने एका घराची चूल विझवली, तोच माग दुसऱ्या गावात दुसऱ्या घराची चूल पेटवू लागला.

कामासाठी माणसे येत राहिली. जत, कवठेमहांकाळकडच्या दुष्काळी भागातून, सोलापूर-विजापूरकडून, आणि नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार भरली. कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, यड्राव अशी आसपासची गावेही मागांनी भरली. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

विणकाम खाते आणि आपण

येथे एक कडवी आठवण सांगणे भाग आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा, असे सवर्ण कामगार म्हणत. पगार मात्र विणकाम खात्यातच चांगला होता! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी हा भेद काढा, असे त्यांचे म्हणणे होते.

आज आपली मुले माग चालवतात आणि कोणी धोट्याचा विटाळ मानत नाही. हे आपोआप झालेले नाही. तेव्हा दार बंद होते ते विटाळाच्या नावाखाली. आजही काही दारे बंदच दिसतात, पण त्यांची कुलपे वेगळी आहेत : भांडवल, ओळखी आणि तांत्रिक शिक्षण. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात कमी आहेत. तिसरी पुष्कळशी आपल्या हातात आहे.

एका कापडाचा प्रवास

शहराचे अर्थकारण समजून घ्यायचे तर एका कापडाचा प्रवास पाहावा. सूत व्यापाऱ्याकडून सूत येते. वार्पिंगमध्ये उभे धागे एका बीमवर गुंडाळले जातात, सायझिंगमध्ये त्यांना खळ लावून वाळवतात. वहिफणीवाला एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवतो. कांडीवाल्या बायका आडव्या धाग्याच्या कांड्या भरतात. मग माग चालतो. जॉबर माग दुरुस्त ठेवतो, दिवाणजी हिशेब लिहितो, घडी कामगार कापड तपासून घड्या घालतात. हे कोरे कापड पुढे धुलाई-रंगाईला प्रोसेसमध्ये जाते आणि व्यापारी-दलालांच्या हातून देशभर विकले जाते.

यात माग चालवणारा प्रत्येक जण मालक असतो असेही नाही. पुष्कळ यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि यांना मिळते फक्त विणाईची मजुरी. विजेचे बिल वाढले, सुताचा भाव हलला की आधी हा खर्चीवाला अडचणीत येतो आणि त्याच्या मागोमाग त्याचा कामगार. साखळीच्या टोकाला बसलेल्याला ओढ सर्वांत जास्त लागते.

मजुरीचा हिशेब घरात समजला पाहिजे

विणकराची मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. आपल्याकडे मजुरीची बोलणी ५२ पिकाचे कापड धरून होतात. हा हिशेब आठवीच्या मुलालाही करता येईल. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच. त्याला ५२ ने गुणले की सुमारे २,०४७ आडवे धागे झाले. साधा माग मिनिटाला १३० वेळा धोटा फेकतो असे धरले, तर एक मीटर विणायला पावणेसोळा मिनिटे लागतात. बारा तासांत, काही न थांबता, ४५ मीटर. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे हे वजा करून ३६ मीटर धरा. सहा माग सांभाळणाऱ्याचे २१६ मीटर झाले.

आता पाहा, मीटरमागे दहा पैशांचा फरक पडला तर काय होते? दिवसाला २१ रुपये ६० पैसे. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५४० रुपये. वर्षाचे ६,४८० रुपये! दहा पैसे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यात एका मुलाचे वर्षाचे दप्तर, गणवेश आणि वह्या येतात. २०१३ साली यंत्रमाग कामगारांनी आणि २०१५ साली सायझिंग कामगारांनी संप केले, ते याच पैशांच्या हिशेबासाठी. म्हणून आम्ही म्हणतो, मीटरची नोंद रोज घरच्या वहीत ठेवावी. ही वही मुलीकडे द्यावी. तिचे गणितही पक्के होईल आणि बापाची मजुरीही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली. तरी यंत्रमागावर बारा तासांची पाळी सर्रास चालत आली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तर कारखाना, असा त्या कायद्याचा नियम होता. शेड लहान, कामगार थोडे, आणि कागदोपत्री त्यांचेही तुकडे केलेले, म्हणून कायदा दाराबाहेरच थांबायचा. हक्क कागदावर असून चालत नाही. तो आपल्याला लागू कधी होतो, हे विचारायला शिकले पाहिजे.

पाणी आणि प्रकृती

ज्या नदीने गाव वसवले तिची आज काय दशा आहे? शहराचे सांडपाणी, कापड प्रक्रियेचे रंगीत पाणी आणि वरच्या गावांची घाण पोटात घेऊन पंचगंगा काळवंडली. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली, शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ गरोदर बायकांना फार धोक्याची असते. पिण्याचे पाणी मजरेवाडीहून कृष्णेतून आणले तरी ते पुरत नाही. दूधगंगेचे पाणी सुळकूडहून आणण्याच्या योजनेला नदीकाठच्या गावांनी विरोध केला. शहर तहानलेले आणि खेड्यांना शेतीची चिंता, असा हा पेच आहे.

घरातल्या माउलींनी एवढे तरी करावे. पुराच्या आणि टंचाईच्या दिवसांत पाणी उकळूनच प्यायला द्यावे. मागावर काम करणाऱ्याने तोंडाला कापड बांधावे, कारण सुताची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो. कानात बोळे घालावेत. खडखडाटाने कान हळूहळू जातात, आणि गेलेले कान परत येत नाहीत. धोट्याचा धागा तोंडाने ओढू नये. क्षयासारखे रोग अशाने एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ शकतात.

उद्या काय?

मँचेस्टरच्या कापडगिरण्या विसाव्या शतकात एकामागून एक बंद पडल्या. ऑस्ट्रेलियात समुद्रकाठी जिलाँग नावाचे शहर आहे. लोकरीचा व्यापार आणि लोकरीच्या गिरण्या यांवर ते मोठे झाले. धंदा बसल्यावर तिथल्या जुन्या लोकर-गोदामांपैकी एकात १९८८ साली लोकरीचे संग्रहालय उघडले, तर काहींत विद्यापीठ भरू लागले. त्याच शहरात १९२५ साली सुरू झालेला फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना २०१६ साली बंद झाला. ज्या शहराचा श्वास एकाच धंद्यावर चालतो, त्याला धंदा बदलला की धाप लागते. बंदर असो वा नसो, हा नियम सारखाच.

इचलकरंजीतही बदल सुरू झालेला आहे. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांचे धक्के साध्या मागांना बसले. कित्येक माग किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यांच्या जागी धोटा नसलेले रेपिअर आणि एअरजेट माग येत आहेत. मिनिटाला ६०० आडवे धागे टाकणारा माग असेल तर आपण वर हिशेब केलेले मीटर साडेतीन मिनिटांच्या आत विणले जाते. असे माग चालवायला माणसे कमी लागतात, आणि जी लागतात ती शिकलेली लागतात.

म्हणून पुढची पायरी आताच चढली पाहिजे. जेथे जहागीरदारांचा राजवाडा होता, तेथे आज वस्त्रोद्योगाचे आणि अभियांत्रिकीचे महाविद्यालय भरते. सहकारातले नेते दत्ताजीराव कदम यांच्या नावाच्या संस्थेने ते १९८२ साली सुरू केले. ज्या वाड्याच्या दारात आपल्या पणजोबांनी जोहार घातला असेल, त्याच्या वर्गात आज त्यांची पणती कापडाचे शास्त्र शिकू शकते! १९९० साली केंद्र सरकारने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबातील मुलांना दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा ही कागदपत्रे मूल दहावीत असतानाच जमवावीत. पदवीच हवी असेही नाही. मशीन दुरुस्ती, वीजजोडणी, संगणकावरचे डिझाइन, रंगाईतले रसायन, शिलाई यांपैकी कोणतेही एक काम नीट शिकलेला माणूस माग बंद पडला तरी उपाशी राहत नाही.

शेवटी एक काम घरोघरी सांगतो. या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपण या गावात कोणत्या साली आलो? कोठून? पहिले काम कोणते? मजुरी किती होती? उत्तरे मुलांकडून वहीत लिहून घ्या. इचलकरंजीचा राजवाड्याचा इतिहास लिहून झालेला आहे. कांडीवालीचा आणि जॉबरचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि तो लिहिण्याइतकी अक्षरे आता आपल्या घरात आहेत.